काळ्या टाकीतला सुळका

"मिस ऑर्फा, तुमचं ते... सगळं जातं कुठं?"

विचारलं एकदाचं! केंड्रा आणि मारिसोलने पैज लावली होती की हा प्रश्न माझ्या तोंडातून निघणारच नाही. त्या दोघी माझ्या जॅकेटच्या खिशात होत्या, म्हणजे फोनमध्ये, आणि फोन चालू होता. तीन आठवड्यांपूर्वी अख्खी शाळाच लॅपटॉपमध्ये शिरली होती, मग मैत्रिणी खिशात शिरल्या तर नवल काय!

मिस ऑर्फा स्टेनरूड आपल्या घरगाडीशेजारी दोरीवर रबरी हातमोजे वाळत घालत होत्या. वय चौऱ्याहत्तर. पाठ ताठ. त्यांनी चिमटा लावला आणि वळून म्हणाल्या, "कुठलं ते?"

"म्हणजे... टॉयलेटमधलं."

"त्याला नाव आहे ना?"

"शी."

"हां! एका अक्षराचा शब्द, त्याला केवढ्या कळा! आणि खिशातल्या पोरींना म्हणावं, हसू नका. तुमच्या घरातली कुठं जाते ते सांगा बघू."

खिशात कुजबुज सुरू झाली.

"ठाऊक नाही ना? साखळी ओढली की संपलं तुमचं. ये इकडं पोरी. सहा फूट लांबून बघ."

अशी माझी आणि मिस ऑर्फांची ओळख झाली. तोवर मी त्यांना फक्त खिडकीतून बघत होते. आमचं घर जत्रेच्या मैदानाच्या फाटकालाच लागून आहे, कारण माझा डॅड या मैदानाचा राखणदार. घर नोकरीबरोबर येतं आणि, मॉम म्हणते तसं, नोकरीबरोबर जातंही. हार्लो गावात दर ऑगस्टला जिल्ह्याची जत्रा भरते तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. पण त्या एप्रिलमध्ये मैदानावर मी, डॅडचा ट्रॅक्टर आणि या नऊ घरगाड्या, एवढंच होतं.

मार्चच्या शेवटी करोनामुळे वर डोंगरातल्या तळ्याकाठच्या उद्यानाला कुलूप लागलं. तिथे मुक्काम केलेल्यांना दोन दिवस दिले आणि सांगितलं, घरी जा. काहींची घरं होती, पण मधे दोन राज्यं आणि वाटेतले मुक्कामाचे सगळे तळ बंद. बाकीच्यांचं घर म्हणजे ती गाडीच. मिस ऑर्फांचंही तसंच. त्या सांगायच्या, "रेडिओ म्हणतो घरी राहा, रेंजर म्हणतो घरी जा. मी म्हटलं, बाबा, मी घरातच बसलेय. घराखालची जमीन तुम्ही काढून घेताय." शेवटी आमच्या जत्रा समितीने अशा नऊ गाड्यांना काही आठवड्यांपुरती मैदानावर जागा दिली.

त्या तर उद्यानातल्या होस्ट होत्या, अकरा उन्हाळे. होस्ट म्हणजे येणाऱ्याला जागा दाखवायची, कुत्र्यांवरून होणारी भांडणं मिटवायची आणि संडास धुवायचे. बदल्यात गाडी लावायला फुकट जागा. त्याआधी डकोटातल्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं चादरी धुतलेल्या. नवरा गेला, घर विकलं, गाडी घेतली. बस, एवढीच त्यांची गोष्ट. एका मिनिटात सांगून झाली आणि वर त्या म्हणाल्या, "बघ, कंटाळवाणी आहे ना?"

त्या दिवशी त्यांनी मला गाडीखाली वाकून दोन टाक्या दाखवल्या. करड्या टाकीत भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी. काळ्या टाकीत माझा एका अक्षराचा शब्द. दोन्हींना एकेक दांडा, आत ढकलला की टाकी बंद, बाहेर ओढला की उघडी. तिथून एक जाड पाइप जमिनीतल्या तोंडात, आणि पुढे जमिनीखालच्या मोठ्या टाकीत. जत्रेला गुरं घेऊन येणारे लोक गाड्यांमध्ये राहतात, त्यांच्यासाठी डॅडने गोठ्यामागे अशी नऊ तोंडं बसवलेली आहेत.

"काळी बंद ठेवायची," मिस ऑर्फा म्हणाल्या, "चांगली भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. आधी काळी, मग करडी. म्हणजे साबणाचं पाणी मागून जातं आणि पाइप धुऊन काढतं. हा क्रम माणूस आयुष्यात एकदाच चुकवतो."

"आणि काळी उघडीच ठेवली तर? घरातल्यासारखी?"

"तर पाणी निघून जातं आणि बाकीचं बसतं. बसतं म्हणजे, वर वर चढत जातं. सुळका होतो." त्यांनी हनुवटीने रांगेकडे दाखवलं. "तिकडचे दांडे बघ."

बघितले. आठही बाहेर ओढलेले!

"अहो मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर प्रेंटिसना सांगितलं. चाळीस वर्षं लोकांचे दात काढले त्यांनी. मला म्हणाले, 'बाई, माझी गाडी नवी आहे.' नव्या गाडीतली माणसं काय वेगळं खातात? एकदा सांगायचं. दुसऱ्यांदा सांगितलं की भांडण होतं, आणि भांडून जायचं कुठं? चारी बाजूंना तारच आहे."

खिशातून मारिसोलचा आवाज आला, "डेलेनी, मला उलटी होणारे, पण तू फोन ठेवू नकोस हं."

---

सुळका बुधवारी सकाळी उगवला. एका गाडीत नाही, आठही गाड्यांत! म्हणजे तो आतल्या आत रोज वाढत होताच, पण त्या सकाळी संडास तुंबला म्हणून डॉक्टर प्रेंटिस पायजम्यावर बाहेर आले आणि पाठोपाठ बाकीचेही कसनुसे चेहरे करत उतरले. मैदानावरचे संडास जत्रा समितीने रोगाच्या भीतीने कुलूपबंद केलेले. जिल्ह्यात टाक्या उपसणारा एकच माणूस, तो घरी विलगीकरणात पडलेला. आणि शुक्रवारी दहा वाजता समितीचे अध्यक्ष वेंडल होयट पाहणीला येणार होते.

वेंडलच्या अटी फाटकावरच चिकटवल्या होत्या. घरगाडी एकदा बाहेर पडली की परत आत नाही. आणि सांडपाण्याची जरा जरी भानगड झाली तर सगळ्यांनी निघायचं. सगळ्यांनी. मिस ऑर्फांची टाकी लख्ख होती, पण अटीत तसं काही वेगळं लिहिलेलं नव्हतं.

सगळे सहा-सहा फुटांवर खुर्च्या टाकून गोल बसले. मी कुंपणावर. डॉक्टर प्रेंटिस पायांकडे बघत म्हणाले, "मिस स्टेनरूड, तुम्ही मला सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं," मिस ऑर्फा म्हणाल्या. "आता पुढचं ऐका. टाकीत तीनातले दोन भाग पाणी घाला, भांड्यांचा साबण घाला आणि वरून दोन-दोन पिशव्या बर्फ. मग गाडी चालवायची. वळवायची, थांबवायची, पुन्हा वळवायची. बर्फ आपटतो, पाणी हिंदकळतं, सुळका पडतो. सरळ रस्ता उपयोगाचा नाही, वळणं पाहिजेत."

"आणि चालवायची कुठे?" डॉक्टरांच्या पत्नी लोरेन म्हणाल्या. "फाटकाबाहेर गेलो तर परत कोण घेतंय!"

मी कुंपणावर बसल्या बसल्या उजवीकडे बघितलं आणि टुणकन खाली उडी मारली. कारण उजवीकडे डॅडचा ट्रॅक होता! अर्ध्या मैलाचा, लंबगोल, मातीचा, सगळा वळणांचा.

आता डॅडचा ट्रॅक म्हणजे काय ते ऐका. मेमधल्या मोटारशर्यती रद्द झाल्या होत्या. तरी डॅड रोज सकाळी ट्रॅक्टर घेऊन जायचा, माती उकरायचा, पाणी मारायचा, रोलर फिरवायचा. न येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज अंथरूण घालावं तसं. त्या मातीवर मी साधी सायकल नेली तरी तो शिटी मारायचा.

मी धावत शेडमध्ये गेले. तो ट्रॅक्टरखाली होता.

"नाही," डॅड म्हणाला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. "बर्फ हा शब्द ऐकलाय मी तिकडून. वळणं हेही ऐकलं. नाही."

मग मी जे केलं ते शाळा सुरू झाली तेव्हाच्या, सप्टेंबरातल्या डेलेनीने कधीच केलं नसतं. आमच्या शाळेत गुरं पारखायची स्पर्धा असते. चार कालवडी समोर आणतात, त्यांना क्रम लावायचा, आणि मग परीक्षकापुढे पाय रोवून, हात पाठीशी बांधून, कागद न बघता दोन मिनिटं कारणं सांगायची. पहिल्या वेळी मी उभी राहिले तेव्हा कालवडींपेक्षा मीच जास्त थरथरत होते. फेब्रुवारीत जिल्ह्यात दुसरी आले! तेव्हापासून घरात माझ्यापुढे कुणाचं चालत नाही, असं मॉम म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

तर मी पाय रोवले, हात पाठीशी बांधले आणि ट्रॅक्टरखालून दिसणाऱ्या बुटांना म्हटलं, "महोदय, या गटात मी ट्रॅकला पहिला क्रमांक देते."

बूट हलले. "डेलेनी—"

"माती पुन्हा सपाट करता येते, हे मी मान्य करते. तुला तीन दिवस लागतील, हेही मान्य करते. पण तीन दिवस कुठून आणायचे हा आपला प्रश्नच नाही, महोदय, कारण शर्यती नाहीत! दुसरा क्रमांक मी समितीला आधीच सांगण्याला देते, कारण ते प्रामाणिक आहे, पण परवा बारा वाजता नऊ गाड्या हमरस्त्यावर असतील आणि त्यांतल्या एका बाईला पुढचं वळण कुठं घ्यायचं ते माहीत नसेल. शेवटचा क्रमांक काहीच न करण्याला. ते दिसायला बरं आहे, पण चालीला लंगडं."

डॅड बाहेर सरकला. कपाळावर ग्रीस. फडक्याला हात पुसत त्याने माझ्याकडे बघितलं.

"चालीला लंगडं," तो म्हणाला.

"हो."

"पहिल्या वळणावर कुणी आतून घेतलं ना, तर मी त्याला बाहेर काढेन. आणि वेग ताशी पंधरा मैल. आणि बर्फ खाऊच्या दुकानांमागच्या यंत्रातून घ्या. किल्ली तिथे खिळ्याला आहे."

---

गुरुवारी दुपारी दोन वाजता हार्लोत जे झालं, तसं इथे आधी कधी झालं नव्हतं. मॉम किराणा दुकानात गल्ल्यावर असते. ती सुट्टीत भांड्यांचा साबण पेटीभर घेऊन आली, आणि दुकानात कुणाला तरी बोलली असणार. कारण अडीचला कुंपणाबाहेर निम्मं गाव! सगळे आपापल्या गाडीत, काचा खाली, हॉर्नवर हात. कित्येक आठवडे कुणी काही बघितलंच नव्हतं ना! केंड्रा आणि मारिसोल वेगवेगळ्या ट्रकच्या टपावर बसून एकमेकींना ओरडून बोलत होत्या.

मिस ऑर्फा निशाणाच्या मनोऱ्यावर चढल्या. हातात हिरवा झेंडा. झेंडा वर तोवर चालायचं, खाली आला की ब्रेक. मी निवेदकाच्या खोलीत. माइक चालू आहे का बघायला मी फुंकर मारली आणि ती सगळ्या गावाला ऐकू गेली. मग काय, मी सुटलेच!

"हार्लोकरहो! सुळका चषकाच्या शर्यतीत तुमचं स्वागत! आघाडीला आहेत डॉक्टर प्रेंटिस, चाळीस फुटी नव्या कोऱ्या गाडीत, पोटात पाव टन पाणी आणि मनात पश्चात्ताप!"

हॉर्न! हॉर्न! हॉर्न!

झेंडा खाली. आठ गाड्या थांबल्या, आणि आठ टाक्यांमधून बर्फ आपटल्याचा असा काही आवाज आला, की बाहेरच्या ट्रकमधली कुत्री भुंकायला लागली. झेंडा वर. पुन्हा वळण. लोरेनबाई खिडकीतून डोकं काढून ओरडल्या, "आतमध्ये काहीतरी पडलं!" मी माइकवर सांगितलं, "पडू दे!" आणि अख्खं गाव ओरडायला लागलं, "पडू दे! पडू दे!"

डॅड पहिल्या वळणावर डोक्याला हात लावून उभा होता. त्याच्या लोण्यासारख्या मातीवर हातभर खोल चाकोऱ्या पडत होत्या. पाचव्या फेरीला त्याने टोपी काढली. मला वाटलं, रडतोय की काय! तर तो टोपी फिरवून ओरडत होता, "बाहेरून घे! बाहेरून! अरे दाब ना जरा, डॉक्टर!"

बारा फेऱ्या झाल्या. मग गाड्या परत आपापल्या जागी लागल्या आणि खरं काम आता सुरू झालं. मिस ऑर्फांनी हातमोजे चढवले. पाइपाच्या तोंडाशी त्यांच्याकडे एक पारदर्शक जोड होता, त्यातून आतलं दिसतं. तो त्यांनी डॉक्टरांच्या गाडीला लावला आणि मला बोलावलं.

"दांडा तू ओढ. मी ऐकते."

"काय ऐकायचं?"

"थेंब थेंब आलं तर सुळका उभा आहे. भसकन आलं तर पडला."

ओढला. एक सेकंद काही नाही. दोन सेकंद. आणि मग, काय सांगू, भस्स! सगळा पाइप सापासारखा हलला. मिस ऑर्फांनी पाइपावर हात ठेवला, डोळे मिटले आणि जणू चर्चमधला वाद्यवृंद ऐकताहेत अशा चेहऱ्याने उभ्या राहिल्या. पाणी स्वच्छ होईतो. मग म्हणाल्या, "आता करडी," आणि साबणाचं पाणी घळाघळा मागून गेलं.

एकेक करत आठही मोकळ्या केल्या आम्ही. खालच्या मोठ्या टाकीवर एकदम भार नको म्हणून मधे मधे थांबत. शेवटच्या चार शुक्रवारी उजाडल्यावर. डॉक्टर प्रेंटिस प्रत्येक गाडीला पाण्याची नळी धरून उभे होते, कुणी न सांगता. सातव्या गाडीशी ते मला हळूच म्हणाले, "दातांचंही हेच असतं गं. एकदा सांगितलेलं कुणी ऐकत नाही."

गाड्या झाल्यावर मिस ऑर्फांनी नऊही तोंडांच्या कडा घासल्या. मी म्हटलं, "हे कोण बघणारे?"

"कुणी नाही. स्वच्छ जागा दिसत नसते पोरी. दिसली, तर समज कुठंतरी राहिलंय."

---

वेंडल होयट बरोबर दहाला आले. मास्क नाकाखाली. नाकाने तपासायला आलेला माणूस, नाक झाकून कसं चालेल! नऊही जागा फिरले, वाकले, हुंगलं. काही सापडलं नाही. ट्रॅककडे बघून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "काल माझी बायको पण होती तिकडे. हॉर्न बिघडला आमचा."

सगळे हसले. मग त्यांनी खिशातून कागद काढला.

"समिती जूनपर्यंत मुदत वाढवायला तयार आहे. पण पुन्हा असं व्हायला नको. रोज सकाळी ही तोंडं आणि ते दांडे कुणीतरी तपासायचे, आणि काही झालं तर उत्तर त्याने द्यायचं. एक नाव पाहिजे."

"माझं लिहा," मिस ऑर्फा म्हणाल्या.

"पत्ता?"

त्यांनी सांगितला. दक्षिण डकोटा, एक रस्ता आणि टपालपेटीचा नंबर. फिरत्या लोकांचा असाच पत्ता असतो. पत्रं तिथे येतात, माणूस येत नाही.

वेंडलनी पेन थांबवलं. वाईट माणूस नाहीत ते. त्यांचा आवाजही मऊ होता. "बाई, कागदावर इथलं माणूस लागतं. जिल्ह्यातलं. तुम्ही तर प्रवासी."

अकरा उन्हाळे. याच जिल्ह्याचे संडास. मिस ऑर्फा काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." एवढंच.

सगळ्यांनी डॅडकडे बघितलं. डॅडने बुटांकडे बघितलं. आमच्या घराचं छप्पर त्याच्या पाठीमागे दिसत होतं, आणि तो काय विचार करतोय ते मला कळत होतं. काही चुकलं तर नोकरी, आणि नोकरीबरोबर घर. वेंडलनी कागद त्याच्या हातात दिला. "सहा वाजेपर्यंत सांग, क्ले. नाव नसेल, तर उद्या सगळ्यांनी निघायचं."

दुपारभर मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि इतिहासाचे सर काहीतरी सांगत होते. खिडकीतून दिसत होतं, मिस ऑर्फा हातमोजे पुसून, घडी करून डब्यात ठेवत होत्या. मग त्यांनी पाइप सोडवला, आतून-बाहेरून धुतला आणि गुंडाळायला घेतला. घाई नाही, चिडचिड नाही. चादरीची घडी घालावी तसा, कडेला कड लावून. इतक्या वेळा गुंडाळला असेल त्यांनी तो, की हातांना आता विचारायची गरज नव्हती.

मी कॅमेरा बंद केला, उठले आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेला तो कागद काढला.

पाचला आम्ही जेवायला बसलो. मॉमने मॅकरोनी केली होती. डॅड काटा नुसता फिरवत होता.

"मी बोलतो वेंडलशी," तो म्हणाला. "म्हणजे, बघतो काय म्हणतो ते."

"क्ले, आपल्याला हे घर—" मॉम म्हणाली आणि थांबली. "ती बाई वाईट नाही रे. पण आपल्यालाही..."

"मला माहितीये."

मी उभी राहिले. पाय रोवायची गरज पडली नाही, हात पाठीशीही नव्हते. एका हातात कागद होता. तो मी मॅकरोनीच्या भांड्याशेजारी ठेवला.

"रोज सकाळी सहाला मी गोठ्यामागे असेन," मी म्हटलं. "नऊ तोंडं, नऊ दांडे. काय बघायचं ते मला मिस ऑर्फांनी शिकवलंय आणि चुकले तर त्या शेजारीच आहेत. सातला परत. आठला शाळा. जूनपर्यंत एकही दिवस चुकवणार नाही, रविवारसुद्धा. काही झालं तर वेंडलना उत्तर मी देणार, डॅड नाही."

"डेलेनी, तू सोळा वर्षांची आहेस," मॉम म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून खाली पालकाच्या सहीची ओळ मी स्वतः आखलीय. त्यावर तुमच्यापैकी कुणीही सही करा." मी डॅडपुढे पेन ठेवलं. "वरचं नाव माझं आहे. मी ते शाईने लिहिलंय."